बेचाळीस नंबरचे शेंडे

हजेरीच्या यंत्राने सोमवारी मावशींना ओळखलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्यांनी दारातल्या नळावर हात स्वच्छ धुतले, पुसून कोरडे केले आणि उजव्या हाताची पाचही बोटं एकेक करून त्या हिरव्या काचेवर ठेवली, मग डाव्या हाताची. यंत्रातली बाई दर वेळी त्याच गोड आवाजात म्हणाली, "पुन्हा प्रयत्न करा."

मागे रांग लागली होती. टंकलेखक म्हणाला, "मावशी, बोट नको, जरा डोळे वटारून बघा. घाबरून आत घेईल."

"तुझ्यावर बारा वर्षं वटारतेय, तू कुठे सुधारलास?" मावशी म्हणाल्या आणि रांगेतून बाजूला झाल्या. बोलणं थट्टेचं होतं, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अननस संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. एकतीस वर्षं त्यांनी एकच मुख्य काम केलं होतं: फळं कापणं. शेतातून आलेला अननस धुवायचा, वजन करायचं, सोलायचा, कापायचा, रस काढायचा आणि शास्त्रज्ञांच्या टेबलावर बाटल्या ओळीने मांडायच्या. अननसाच्या रसात मांस विरघळवणारं एक द्रव्य असतं, ब्रोमेलेन त्याचं नाव. घटकाभर अननस खाल्ला तर जीभ चुरचुरते ती त्यामुळेच. एकतीस वर्षं त्या रसात हात असल्यावर बोटांवरच्या रेषा राहणार कुठून? मावशींच्या बोटांची टोकं धुतलेल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती.

आणि ही गोष्ट केंद्राला ठाऊक नव्हती असंही नाही. सात वर्षांपूर्वी याच केंद्रातल्या एका शास्त्रज्ञाने या द्रव्याचा कातडीवर काय परिणाम होतो यावर लेख लिहिला होता. त्यात मावशींच्या उजव्या हाताचा मोठा रंगीत फोटो होता. खाली मावशींचं नाव नव्हतं, 'हात क्रमांक १' असं लिहिलं होतं. तो लेख चौकटीत बसवून जिन्याजवळ लावला होता, हजेरीच्या यंत्रापासून दहा पावलांवर.

"ते बघा की तिकडे भिंतीवर," मावशी हेडक्लार्कना म्हणाल्या. "माझा हात आहे तो. तुमच्याच केंद्राने छापलाय."

हेडक्लार्क पापभीरू गृहस्थ होते. नियम मोडला तर छत कोसळेल अशा धास्तीने ते चालत. "मावशी, मला सगळं मान्य आहे. पण यंत्रात नाही म्हणजे कामावर नाही. तुम्ही दवाखान्यातून दाखला आणा."

"कसला दाखला?"

"बोटांवर रेषा नसल्याचा."

"आणि मी समोर उभी आहे त्याचा दाखला कोण देणार?"

हेडक्लार्कांनी अर्जाचा नमुना पुढे सरकवला. अर्ज तीन प्रतींत हवा होता. तो दिल्यावर गुरुवारपासून कार्डावर हजेरी लागणार होती, मागचे तीन दिवस मात्र गैरहजरच. त्या बुधवारी मावशी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत कार्यालयाच्या बाकावर बसून होत्या. नेमकी त्याच दिवशी, आतल्या खोलीत, दोन जातींच्या तुलनेसाठी निवडलेली फळं कापली गेली, आणि ती दुसऱ्याने कापली.

त्या फळांत एक होता बेचाळीस नंबर.

बेचाळीस नंबर म्हणजे काय हे सांगायला वीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा केंद्रात थोरले डॉक्टर होते. आता ते हयात नाहीत. अननसाला सहसा बी धरत नाही. त्याच जातीचा पराग त्याच जातीच्या फुलाला चालत नाही, वेगळ्या जातीचा लागतो. थोरले डॉक्टर पहाटे उठून एका जातीचा पराग बारीक कुंचल्यावर घेत आणि मावशी दुसऱ्या जातीच्या फुलांना तो लावत. फूल एकच दिवस उमलतं. तो दिवस चुकला की झालं. असं करून तिळाएवढं बी मिळालं. त्याची तीन हजारांवर रोपं मावशींनी काडीने उचलून एकेक करून लावली. तीन-चार वर्षांनी त्यांना फळं आली आणि दोघांनी ती सगळी चाखली. काही आंबट ढाण, काही चावली तर दोरखंड, काहींच्या पानांना करवतीसारखे काटे. तिसऱ्या ओळीतलं बेचाळिसावं रोप तेवढं निराळं निघालं. बिनकाट्याचं पान, आंबटपणा कमी, आणि क जीवनसत्त्व नेहमीच्या फळाच्या दीडपट.

खोडी दोन होत्या. एक म्हणजे त्याला फुटवे फार कमी येत. अननसाची लागवड बुडाशी आणि देठाशी येणाऱ्या पिल्लांपासून करतात, पण बेचाळीसला पिल्लं जवळजवळ नसतच. त्यामुळे नवी रोपं करायची तर फळाच्या डोक्यावरचा पानांचा शेंडा पिरगाळून काढायचा, चार दिवस सावलीत सुकवायचा आणि लावायचा. हे काम मावशींचं. फळ हातात आलं की शेंडा काढून ठेवायचा, हे त्यांच्या मनगटातच बसलं होतं. दुसरी खोडी आकाराची. सगळे अननस बुडाशी रुंद आणि वर निमुळते असतात. बेचाळीस बरोबर उलटा, वर रुंद आणि बुडाशी निमुळता. थोरले डॉक्टर म्हणायचे, "मावशी, हे पोर शाळेत शिक्षा झाल्यासारखं डोक्यावर उभं आहे."

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा बेचाळीसचे चार पट्टे टेकडीच्या उतारावर उभे होते. "याला वाण म्हणून मान्यता मिळेपर्यंत लक्ष ठेवा," एवढंच ते म्हणाले होते. मावशींनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण आपण निवृत्त होण्याआधी बेचाळीसला मान्यता मिळावी असं त्यांना फार वाटे. निवृत्तीला चार महिने उरले होते.

आता मान्यता राहिली बाजूला, पट्टेच काढायचं घाटत होतं. नवे शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे धाकटे डॉक्टर म्हणत, त्यांनी बाटलीत वाढवलेली एका मोठ्या बाजारी जातीची रोपं तयार केली होती. माणूस हुशार होता, बोलायला मृदू होता. त्यांना जागा हवी होती. म्हणून दोन्हींच्या पाच-पाच फळांची तुलना ठरली. जे जास्त गोड, ते राहणार. शुक्रवारी समिती बसणार होती.

गुरुवारी सकाळी फळ्यावर आकडे लागले. गोडी मोजायच्या यंत्रात नव्या जातीचे चौदा पूर्णांक आठ अंश. बेचाळीसचे अकरा पूर्णांक दोन.

मावशींनी आकडा दोनदा वाचला. मग हातातली बादली तिथेच ठेवून त्या धाकट्या डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या.

"अकरा? साहेब, बेचाळीस कच्चा काढला तरी तेरा देतो."

"मावशी, तुमची माया मी समजू शकतो," धाकटे डॉक्टर हसून म्हणाले. "पण यंत्राला भावना नसतात."

"यंत्राला तर मीही दिसत नाही, साहेब. तीन दिवस झाले."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टरांनी वही पुढे ओढली. बोलणं संपल्याची खूण होती ती.

आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही तर करायचं काय? मावशींना एक गोष्ट ठाऊक होती. कापलेल्या फळाचा उरलेला भाग पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा, असा थोरल्या डॉक्टरांनी घातलेला नियम होता आणि तो अजून कुणी मोडला नव्हता. त्यांनी फ्रीजर उघडला. बेचाळीसच्या पाच पिशव्या काढल्या. प्रत्येकीत सालीसकट उरलेलं फळ, जिकडून चकती घेतली त्या कापलेल्या बाजूला चिठ्ठी: 'तळ'.

आता अननस बुडाकडे जास्त गोड असतो आणि शेंड्याकडे आंबट, कारण बुडाकडचे डोळे, म्हणजे सालीवरचे खवले, आधी पिकतात. एकाच फळात चार-चार अंशांचा फरक पडतो. म्हणूनच तळाकडून दुसरी चकती घ्यायची असं ठरलं होतं. आणि सालीवरच्या प्रत्येक डोळ्यावर एक छोटं वाळकं पान असतं, त्याचं टोक नेहमी शेंड्याकडे वळलेलं. फळ कसंही धरा, ते टोक खोटं बोलत नाही. मावशींनी पहिली पिशवी उजेडात धरली. टोकं 'तळ' लिहिलेल्या चिठ्ठीकडेच बघत होती. दुसरी, तिसरी, पाचही तशीच.

पाचही फळं उलटी कापली होती. बेचाळीसची शेंड्याकडची चकती आणि दुसऱ्याची बुडाकडची, अशी तुलना झाली होती.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "आणि याला संशोधन म्हणायचं!"

कापणारा कंत्राटी तंत्रज्ञ शेजारच्याच खोलीत काचा धूत होता. तिशीचा, लग्न झालेला, कंत्राट वर्षावर्षाने वाढतं म्हणून सगळ्यांना दबून असणारा. मावशींनी पिशवी त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय केलंस तू?"

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी, जाड बाजू खाली, निमुळती वर. सगळे अननस तसेच असतात ना?"

"हा नसतो."

"मला कुणी सांगितलं नाही. आणि शेंडा असता तर मला दिसलं असतं की. त्या दुसऱ्या फळांना शेंडे होते. यांचे कुणी काढले?"

मावशी बोलायला गेल्या आणि थांबल्या. सोमवारी बेचाळीसची तोडणी झाली होती. यंत्राशी भांडून त्या तणतणत शेतावर गेल्या होत्या आणि आलेल्या एकशे अडतीस फळांचे शेंडे नेहमीच्या हाताने पिरगाळून टोपल्यांत टाकले होते. तुलनेची पाच फळं त्याच ढिगातून निवडली गेली. 'तुलनेची फळं शेंड्यासकट आणावीत' असं परिपत्रक आठवड्यापूर्वी फिरलं होतं. त्यावर मावशींची सही होती. वाचलं नव्हतं. कोण वाचतो?

"कुणी का काढले असेनात," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळं सांगितलं. नवरा शिंपी होता. समोरच्या खोलीत मशीन, मागे संसार. कोटाच्या अस्तराला दोरा घालत त्याने ऐकून घेतलं.

"मी एकदा एका वकिलाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे लावली होती," तो म्हणाला. "वर्षभर घालून हिंडला, त्याला कळलं नाही. तू कशाला डोकं पिकवतेस? चार महिने राहिलेत."

"त्या वकिलाची बाही कुणी नांगरून टाकणार नव्हतं."

"बोललीस तर शेंड्यांचं तुझ्या अंगावर येईल. निरोपाच्या दिवशी हार घालतील आणि मागे तेच कुजबुजतील. एकतीस वर्षं डाग नाही तुझ्यावर."

"डाग नाही आणि बोटांना रेषाही नाहीत," मावशी म्हणाल्या. "मी तिथे होते याची खूण म्हणून ते चार पट्टे तेवढे आहेत."

शिंप्याने मशीन थांबवलं. चष्म्यावरून बायकोकडे बघितलं आणि मग दोरा तोडला. त्या घरात याचा अर्थ 'कर तुला हवं ते' असा होता.

शुक्रवारी त्या तासभर लवकर निघाल्या. केंद्राच्या फाटकातूनच ट्रॅक्टरचा आवाज आला. त्या धावतच उतारावर पोचल्या. चारांपैकी दोन पट्टे उपसून पडले होते. मुळं वर, पानं खाली, अर्धीकच्ची फळं मातीत दबलेली. ट्रॅक्टरवाला तिसऱ्याकडे वळत होता. मावशी पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, बाजूला व्हा. साहेबांनी सांगितलंय."

"समिती बसली का?"

"ते मला काय ठाऊक?"

"मग बसेपर्यंत तूही बस."

धाकटे डॉक्टर बांधावरून आले. त्यांचे बूट स्वच्छ होते. "मावशी, समितीचा निर्णय म्हणजे नुसता उपचार आहे. पावसाआधी जमीन तयार व्हायला हवी म्हणून सुरुवात केली."

"फळं उलटी कापलीत, साहेब." त्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांचं, डोळ्यांवरच्या टोकांचं, आकाराचं.

धाकटे डॉक्टर मूर्ख नव्हते. त्यांना पहिल्या वाक्यातच कळलं, हे मावशींना दिसलं. क्षणभर ते उपसलेल्या रोपांकडे बघत राहिले. मग आवाज आणखी मृदू करून म्हणाले, "अहवाल पाठवून झालाय, मावशी. आणि शेंडे काढायचे नव्हते. परिपत्रकावर तुमची सही आहे. हे प्रकरण उघडलं तर पहिलं बोट तुमच्याकडे वळेल. मला ते नकोय. तुम्हालाही नको असेल."

एवढ्या गोड शब्दांत धमकी मावशींनी आयुष्यात ऐकली नव्हती. भीती होती थोडी, पण जास्त संताप होता. चूक झाली हे एक. चूक कळल्यावरही ती झाकायची, आणि वर झाकण म्हणून आपल्यालाच वापरायचं!

"ट्रॅक्टर बंद राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या. ट्रॅक्टरवाल्याने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर बांधावरून परत वळले. इंजिन बंद झालं.

अकराला समिती बसली. लांब टेबल, मधे संचालक, एका बाजूला बाहेरून आलेल्या पोषणशास्त्राच्या बाई, दुसऱ्या बाजूला एक वयस्क बागायतदार. चवीसाठी तुकडे घेऊन जाणं मावशींचंच काम होतं. त्यांनी उभ्या राहिलेल्या पट्ट्यातलं एक पिकलेलं फळ तोडून आणलं होतं. दोन बश्या बाईंच्या समोर ठेवल्या.

"आधी ही खा. मग ही."

बाईंनी पहिला तुकडा खाल्ला आणि डोळे बारीक केले. दुसरा खाल्ला आणि सावकाश चघळत राहिल्या. "पहिला आंबट आहे. दुसरा छानच. दुसरी कुठली जात?"

"जात एकच. फळही एकच. पहिला तुकडा शेंड्याकडचा, दुसरा बुडाकडचा. तुमच्या कागदावर जो अकरा आकडा आहे ना, तो शेंड्याकडचा आहे."

"मावशी, हे काय चाललंय?" संचालक म्हणाले.

मावशींनी फ्रीजरमधली पिशवी टेबलावर ठेवली. पोषणशास्त्राच्या बाई चष्मा लावून वाकल्या. त्यांनी बोटाने एका डोळ्यावरचं वाळकं टोक चाचपलं, मग चिठ्ठी वाचली, मग दुसरी पिशवी मागितली. बागायतदार म्हणाले, "अहो, हे तर उघड उलटं आहे. माझी नातसुद्धा सांगेल."

"असं झालं कसं?" संचालकांनी विचारलं.

धाकटे डॉक्टर टेबलावरच्या पेल्याकडे बघत होते. कंत्राटी तंत्रज्ञ दाराशी उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. त्याचं नाव घेतलं असतं तर त्याचं कंत्राट त्याच दिवशी संपलं असतं.

"शेंडे मी काढले," मावशी म्हणाल्या. "काढू नका असं कागदावर होतं. मी वाचला नाही, सही केली. शेंडा नसल्यावर या फळाचं वर-खाली नवख्याला कळत नाही. ती चूक माझी. तिच्यासाठी मला काय करायचं ते करा. पण ती कळल्यावर कुणी काय केलं, तेही विचारा. आणि दोन पट्टे आज सकाळी का नांगरले, तेही विचारा."

"नांगरले?" बाईंनी मान वर केली. "आमच्या आधी?"

संचालकांनी पुढ्यातला अहवाल मिटला आणि चाचणी पुन्हा घ्यायला सांगितलं.

चाचणी पुढच्या आठवड्यात पुन्हा झाली. या वेळी फळं मावशींनी कापली, चकत्या न करता उभ्या फाकी, म्हणजे प्रत्येक फाकीत शेंड्याकडचंही आलं आणि बुडाकडचंही. रसाला गुलाबी छटा येईपर्यंत निळ्या रंगाचे थेंब टाकत क जीवनसत्त्व मोजायला धाकटे डॉक्टर स्वतः बसले. नव्या जातीचे तेरा अंश, बेचाळीसचे चौदा पूर्णांक सहा, आणि जीवनसत्त्व थोरल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं तेवढंच, दीडपट. धाकट्या डॉक्टरांनी आकडा वर न बघता मोठ्याने सांगितला. खरा सांगितला, हे मावशींनी त्यांच्या बाजूने मनात टिपलं.

बेचाळीसचे पट्टे राहिले आणि मान्यतेचा प्रस्ताव वर गेला. अहवालात 'नमुना घेताना झालेली तांत्रिक त्रुटी' एवढे पाच शब्द आले. नांगरणीबद्दल एकही नाही. आणि तीन आठवड्यांनी मेमो निघाला, एकच, मावशींच्या नावे. अमुक तारखेच्या सोमवारी आपण परिपत्रकाचा भंग करून फळांचे शेंडे काढलेत, त्या शेंड्यांची विल्हेवाट कशी लावली याचा लेखी खुलासा करावा.

"विल्हेवाट!" मावशी म्हणाल्या. हेडक्लार्कांच्या टेबलापाशीच उभ्या राहून त्यांनी खुलासा लिहिला:

'शेंडे लावले आहेत. जाळीघराच्या मागे. एकूण एकशे अडतीस, पैकी एकशे एकतीस जगले. बेचाळीस नंबरची केंद्रात एवढीच नवी रोपं आहेत. दोन रिकामे पट्टे भरायला किती लागतील ते ज्यांनी नांगरले त्यांना विचारावे.'

हेडक्लार्कांनी वाचलं आणि पेनाने कान खाजवला. "मावशी, शेवटचं वाक्य खोडा."

"खोटं आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग राहू दे. आणि मला एक सांगा. या मेमोत सोमवारची तारीख आहे. तुमच्या यंत्रात मी त्या सोमवारी आहे का?"

हेडक्लार्कांनी संगणकात बघितलं. मग पुन्हा बघितलं. "गैरहजर."

"आणि गैरहजर बाईने शेंडे काढले?"

टंकलेखकाने टंकणं थांबवलं. हेडक्लार्कांनी मेमो संगणकाच्या पडद्याशेजारी धरला. माणूस नियमाचा. एकाच कार्यालयाच्या दोन कागदांवर एकाच दिवशी एकच बाई आहे आणि नाही, याने त्यांना झोपू दिलं नसतं.

"मेमो मागे घ्यायचा तर संचालकांची सही लागेल," ते पुटपुटले.

"मागे कशाला घेता? मी तो घेणार आहे. चूक केलीय, मेमो माझा आहे. पण आधी मी तिथे होते असं लिहा. सोमवार, मंगळवार, बुधवार. पेनाने."

हेडक्लार्कांनी कपाटातलं जुनं हजेरीपुस्तक काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि तीन चौकोनांत तीनदा 'हजर' लिहून शिक्का मारला. मावशींनी तो नीट वाळेपर्यंत बघितला. मग मेमोची घडी करून पिशवीत टाकली आणि जाळीघरामागे पाणी द्यायला गेल्या.